ओठ बनतो की असतो?

आमच्या गावच्या उरसात बासऱ्या विकणारा एक जण यायचा. खांद्यावर उभा बांबू, त्याच्या टोकाला गवताचा पेंढा बांधलेला आणि पेंढ्यात चहूबाजूंनी खोचलेल्या बासऱ्या. लांबून पाहिलं तर साळिंदर चाललंय असं वाटावं. गर्दीतून वाट काढताना तो सिनेमाची गाणी वाजवत असायचा. चौथीत असताना अब्बांकडे हट्ट करून मी त्याच्याकडून एक बासरी घेतली. घरी येऊन फुंकली तर नुसती फू फू. अम्मीने फुंकून पाहिली, चाचांनी पाहिली, पण चुलीत फुंकणीने वारा घालावा तसा आवाज. माझी खात्री झाली की त्याने चांगली बासरी स्वतःकडे ठेवून मला मुकी दिली.

दुसऱ्या दिवशी अब्बा मला घेऊन पुन्हा गेले. विकणाऱ्याने माझी बासरी हातात घेतली, सदऱ्याला पुसली आणि तिच्यावर आदल्या दिवशीचंच गाणं वाजवून दाखवलं. मग अब्बांना म्हणाला, "बासरी ठीक है भाईसाब. बच्चे का होंठ अभी बना नहीं है."

पुढे हायस्कूलात बँड होता. ढोल, ताशा, झांजा आणि चार आडव्या बासऱ्या. मी बासरीसाठी नाव दिलं. बँड बसवणाऱ्या सरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझे ओठ जाड आहेत, तुला नाही जमायचं. झांजा घे." तीन वर्षं मी झांजा वाजवल्या.

एक म्हणाला ओठ अजून बनलेला नाही, दुसरा म्हणाला ओठच तसा आहे. मी आता चाळिशी ओलांडलेला शिक्षक आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, गरज पडली तर उर्दूही. या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते मला उशिरा कळलं. त्यातलं बरंचसं कळलं ते बासरीचा इतिहास वाचताना.

बासरीवर ओठ ठेवण्याच्या, त्यांना आकार देऊन फुंकण्याच्या रीतीला युरोपात एक शब्द आहे, आंबूशूर. इंग्रजीत त्याचा उच्चार ऑम्बुशुर होतो. मूळ फ्रेंच. 'बूश' म्हणजे तोंड, त्यावरून तो आला. फ्रेंचमध्ये नदी जिथे समुद्राला मिळते त्या जागेलाही हाच शब्द वापरतात. आपणही तिथे 'नदीचं मुख' म्हणतोच. आपल्याकडचे बासरीवाले साधं 'फुंक' म्हणतात. अमुकची फुंक चांगली आहे, तमुकची फुंक फाटते. मला हाच शब्द जवळचा वाटतो.

ही फुंक इतकी अवघड का, ते आधी सांगतो. अलगुजाला चोचीसारखं तोंड असतं. चोचीच्या आत कोरलेली फट हवेला नेमकी धारेवर नेऊन सोडते, म्हणून लहान मूलही अलगुज पहिल्या फुंकेत वाजवतं. आडव्या बासरीला अशी फट नाही. ती फट वाजवणाऱ्याने स्वतःच्या ओठांची करायची. ओठांतून निघालेला हवेचा पातळ झोत छिद्राच्या पलीकडच्या कडेवर आपटला पाहिजे. तिथे तो कधी आत, कधी बाहेर असा झपाट्याने डोलतो आणि त्यातून आतली हवा बोलू लागते. झोत थोडा वर गेला तर नुसती फू, थोडा खाली गेला तर तीच फू. ओठ आणि कड यांत काही मिलिमीटरांचं अंतर, आणि तेही स्थिर नाही. वरच्या सप्तकात जायचं तर फट बारीक करून ओठ किंचित पुढे न्यायचे, म्हणजे झोत वेगाने जातो. खाली यायचं तर ओठ सैल सोडायचे. म्हणजे बोटं एकाच ठिकाणी असूनही ओठ बदलले की स्वर बदलतो. सोड्याच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकून आवाज काढायचा खेळ तुम्ही खेळला असाल, तर यातला पहिला धडा तुमचा झालेला आहे.

हे सगळं पुस्तकात लिहून शिकवता येईल का? १७०७ साली पॅरिसमध्ये एक छोटं पुस्तक छापलं गेलं. लेखक झाक ओतेतेर, फ्रेंच दरबारातला वादक, आणि वाद्यं घडवणाऱ्या घराण्यातला. आडव्या बासरीवर छापून आलेल्या पहिल्या मार्गदर्शक पुस्तकांत त्याची गणना होते. मी ते इंग्रजी भाषांतरात वाचलं. बासरी कशी धरायची ते सांगून तो लगेच फुंकीकडे वळतो आणि पहिल्याच वाक्यात वाद उकरून काढतो. फुंक नियमांनी शिकवता येत नाही असं पुष्कळांना वाटतं, पण ती सापडायला मदत करतील असे काही नियम नक्की आहेत, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. तिथे मी थांबलो. तीनशे वर्षांपूर्वीही लोक हेच म्हणत होते, आणि एक माणूस 'नाही' म्हणत होता.

आणि त्याचे नियम किती साधे आहेत बघा. ओठ मिटलेले ठेवा, मधोमध वाऱ्यापुरती फट सोडा. ओठ पुढे काढू नका, उलट कोपऱ्यांकडे ओढून सपाट, गुळगुळीत करा. छिद्र त्या फटीसमोर आणा. बेताने फुंका आणि फुंकत असताना बासरी किंचित आत, किंचित बाहेर फिरवत राहा, जोवर ती जागा सापडत नाही तोवर. हे जमेपर्यंत बोटांचा विचारही करायचा नाही, सगळी छिद्रं उघडी ठेवून फक्त आवाज काढायचा. मग डाव्या हाताचं एकेक बोट ठेवत जायचं. आणि हे सगळं आरशासमोर उभं राहून करायचं. जाड ओठ, पातळ ओठ असा भेद तो या धड्यात करत नाही. शोधा म्हणतो, कसं शोधायचं तेही सांगतो. बी.एड.ला आम्हाला सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घ्यायला लावायचे. एका वेळी एकच कौशल्य, बाकी सगळं बाजूला. त्या पाठांचे नमुने लिहून आमच्या वह्याच्या वह्या भरल्या होत्या. ओतेतेरने तेच दोन पानांत करून दाखवलंय.

अर्थात त्याच्या कितीतरी आधीपासून लोक पुस्तकाशिवाय शिकत होतेच. आडव्या बासरीचा सर्वांत रांगडा भाऊ म्हणजे फाइफ. दीड फुटाच्या आतबाहेरची नळी, सहा छिद्रं, चाव्या नाहीत, भोक अरुंद आणि आवाज तीक्ष्ण. पंधराव्या-सोळाव्या शतकात स्विस पायदळ भाले घेऊन चालायचं ते फाइफ आणि ढोलाच्या ठेक्यावर. युरोपात या वाद्याला स्वित्झर्लंडचंच नाव पडलं होतं. १५२९ साली मार्टिन आग्रिकोला या जर्मन शिक्षकाने वाद्यांवरच्या पुस्तकात या आडव्या बासऱ्यांच्या बोटांचे तक्ते दिले, आणि पुस्तक लिहिलं पद्यात, मुलांना पाठ व्हावं म्हणून. हा माणूस शाळेत शिकवायचा हे सांगायला नकोच. फाइफची गंमत म्हणजे तिचे खालचे स्वर दुबळे. मैदानावर ऐकू जायचं तर वरच्या सप्तकांतच वाजवावं लागतं, आणि तिथे ओठ घट्ट धरून तासन् तास टिकवावे लागतात. चालता चालता, धुळीत, थंडीत. नवशिक्याचे ओठ थोड्या वेळात थरथरायला लागतात, मग फुंक फाटते. बाझेल शहरात आजही फासनाख्टच्या सोमवारी पहाटे चार वाजता शहरातले दिवे बंद होतात आणि अंधारात ढोल आणि छोट्या बासऱ्यांचे ताफे निघतात. फेब्रुवारी-मार्चच्या गारठ्यात त्या लोकांच्या ओठांचं काय होत असेल याचा विचार मी झांजवाला असूनही करतो.

बँडच्या सरांचं वाक्य जिथून आलं असावं तिथे आता येऊ. त्यांनी ते वाचलं नसणार, पण ही वाक्यं हवेत असतात. १७५२ साली बर्लिनमध्ये योहान योआखिम क्वांट्झचा मोठा ग्रंथ निघाला. क्वांट्झ प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा बासरीचा शिक्षक. राजा संध्याकाळी दरबारी मैफलीत स्वतः वाजवायचा, आणि वाजवून झाल्यावर 'शाब्बास' म्हणायची मुभा एकट्या क्वांट्झला होती असं सांगतात. ग्रंथ अफाट आहे. बासरीचं निमित्त करून त्याने अख्ख्या संगीतशिक्षणाचा विचार मांडलाय. फुंकीवर स्वतंत्र प्रकरण आहे. स्वर चढताना-उतरताना ओठ आणि हनुवटी कशी पुढे-मागे सरकली पाहिजे हे तो घासून घासून सांगतो. पण सुरुवातीलाच, बासरी कोणी शिकावी हे सांगताना, तो एक यादी देतो. फुप्फुसं निरोगी, दात सरळ आणि समान, आणि ओठ पातळ, गुळगुळीत, नाजूक, मांस फार नाही आणि कमीही नाही.

ही यादी वाचताना आठवीतला मी पुन्हा रांगेत उभा राहिलो.

क्वांट्झवर मला राग धरता येत नाही, कारण त्याची स्वतःची गोष्ट त्या यादीपेक्षा मोठी आहे. तो लोहाराचा मुलगा. लहानपणी बाप गेला, शहराच्या वाद्यवृंदात उमेदवारी केली, हाताला लागतील ती वाद्यं शिकला. ड्रेस्डेनच्या दरबारी वृंदात तो ओबो वाजवत होता. विशी ओलांडल्यावर, तिथे पुढे जायला वाव नाही म्हणून, तो आडव्या बासरीकडे वळला आणि ब्यूफार्दँ नावाच्या फ्रेंच वादकाकडे सुमारे चार महिने शिकला. ओबोच्या दुहेरी पातीला ओठ आवळून धरण्याची सवय लागलेली असताना ते बासरीसाठी पुन्हा नव्याने घडवले. लोहाराच्या घरी जन्मलेल्या माणसाने 'घडवणं' कोणाकडून शिकायचं राहिलं होतं? तरी पुस्तक लिहायला बसल्यावर त्याने जन्मजात ओठांची यादी केली. आम्ही शिक्षक हे फार करतो. स्वतः धडपडत शिकलेलो असतो, पण वर्गात शिरलो की 'याला उपजतच येतं' आणि 'याला येणारच नाही' असे दोन ढीग करतो. त्याच्या राजाचं काय झालं तेही सांगून टाकतो. म्हातारपणी पुढचे दात गेले, संधिवाताने हात धरले, आणि फ्रेडरिकला बासरी कायमची ठेवून द्यावी लागली. ओठ शाबूत होते, पण त्यांच्यामागची भिंत पडली.

दरम्यान पॅरिसात एकाने ओठांचा प्रश्न वेगळ्याच वाटेने सोडवला होता. ग्रनोबलचा झाक द व्होकान्सोन. १७३८ साली त्याने माणसाएवढा, संगमरवरासारखा पांढरा रंगवलेला लाकडी बासरीवादक लोकांपुढे मांडला. हा पुतळा खरोखरीच्या बासरीवर बारा गाणी वाजवायचा. आत वाजणारी पेटी लपवलेली नव्हती. भात्यांतून हवा यायची, तीही तीन वेगवेगळ्या दाबांची, बोटं छिद्रं झाकायची, आणि ओठ हलायचे. व्होकान्सोनने ओठांना चार हालचाली दिल्या होत्या: उघडणं, मिटणं, पुढे येणं, मागे जाणं. एवढ्यावर काम झालं. फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे त्याने आपल्या यंत्राचं वर्णन लेखी मांडलं. ज्या गोष्टीला लोक देणगी म्हणत होते ती या माणसाने चार हालचालींत मोजली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझ्या वर्गातल्या मुलांना ती फार आवडते. व्होकान्सोनच्या जवळपास नऊशे वर्षं आधी बगदादमध्ये बनू मूसा म्हणजे मूसाचे तीन मुलगे, मुहंमद, अहमद आणि हसन यांनी आपोआप वाजणाऱ्या बासरीच्या यंत्रावर लिहून ठेवलं होतं. पाण्याच्या जोराने हवा ढकलायची आणि खुंट्या लावलेला दंडगोल फिरवून छिद्रं उघडायची-मिटायची. खुंट्यांच्या जागा बदलल्या की धून बदलायची. ही गोष्ट सांगितली की आपल्याकडे दोन प्रकारचे लोक खूश होतात. एक 'सगळं आपणच शोधलं' म्हणणारे आणि दुसरे त्यांची टर उडवणारे. मला दोघांत जायचं नाही. बनू मूसांनी बोटांचं काम यंत्राकडे दिलं, ओठांचं नाही. त्यांच्या हवेला ओठ लागतच नव्हते. ओठांना हात घातला तो व्होकान्सोनने. बगदादचं कौतुक करायला पॅरिसचं श्रेय काढून घ्यायची गरज नाही. क्वांट्झनेही वाजवणाऱ्या यंत्रांबद्दल लिहिलंय. वेगात आणि बिनचूकपणात ती माणसाला मागे टाकतील, लोक थक्क होतील, पण हेलावणार नाहीत, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. पटतं. पण यंत्राच्या लाकडी ओठांनी एक गोष्ट सिद्ध केली होती, ती त्याने आपल्या यादीत धरली नाही.

फाइफ हिंदुस्थानात आली ती कंपनीच्या पलटणींबरोबर. आणि इथे ओठांचा प्रश्न एकदम वेगळा होतो. अठराव्या शतकाच्या शेवटी कंपनीने एकामागून एक हुकूम काढून, ज्यांची आई हिंदुस्थानी आहे अशा गोऱ्यांच्या मुलांना चांगल्या नोकऱ्यांतून बाहेर काढलं. १७९१ साली मुलकी, लष्करी आणि आरमारी हुद्दे बंद केले. १७९५ साली आणखी स्पष्ट केलं की आईबाप दोघेही युरोपीय नसतील त्यांना सैन्यात घ्यायचं नाही. अपवाद फक्त फाइफवाले, ढोलवाले, बँडवाले आणि नालबंद यांचा.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा परत मागे जाऊन वाचली. माझ्या शाळेत ओठांकडे बघून फाइफ नाकारली होती. इथे रक्ताकडे बघून फक्त फाइफच हातात दिली. त्या पोरांपैकी कोणाचे ओठ पातळ होते नि कोणाचे जाड, हे कोणी बघितलं असेल असं मला वाटत नाही. कलकत्त्याच्या लष्करी अनाथालयातून पलटणींना ढोलवाली आणि फाइफवाली पोरं पुरवली जात. गरज होती तेव्हा सगळ्यांचे ओठ बनवून घेतले गेले. क्वांट्झच्या यादीला याहून मोठं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि ते इतक्या वाईट ठिकाणी सापडावं याचं वाईटही वाटतं.

ज्यांना फाइफ नको होती ते दुसरीकडे गेले. जेम्स स्किनर हे त्यातलं मोठं नाव. बाप स्कॉटिश, आई राजपूत. कंपनीचं दार बंद म्हणून तो शिंद्यांच्या फौजेत दाखल झाला आणि १८०३ पर्यंत मराठ्यांच्या बाजूने राहिला. पुढे इंग्रजांकडे गेला, रिसाला उभा केला, आणि फारसीत हिंदुस्थानातल्या जातीजमातींवर सचित्र ग्रंथ लिहवला. उर्दू शिकवणाऱ्याला या माणसाचं कुतूहल वाटणारच. त्याच्यावर एकदा स्वतंत्र लिहीन.

आपल्याकडची आडवी बासरी मैफलीत मानाने बसली ती फार अलीकडे, बारिसालच्या पन्नालाल घोष यांच्यामुळे. त्यांनी बासरी चांगली बत्तीस इंचांपर्यंत लांब केली. लांब बासरीचे खालचे स्वर भरदार येतात, पण ते जोर लावून येत नाहीत. ओठ सैल आणि श्वास संथ लागतो. फाइफवाल्याने कमावलेला ओठ इथे अर्धा विसरावा लागेल. नाव झालेलं असताना, छत्तिशीत, घोष अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकायला बसले, तेही सांगून ठेवतो.

हे सगळं मी का वाचत बसलो, तर त्याचं कारण 'ळ'.

आमच्या शाळेतली मुलं घरी उर्दू, दखनी बोलतात. उर्दूत ळ नाही. 'शाळा'ला 'शाला', 'फळा'ला 'फला', 'काळा'ला 'काला'. पाचवीत एक मुलगी होती, वाचनात हुशार, पण ळ आला की अडखळायची आणि मागची पोरं खिदळायची. तालुक्याच्या वाचनस्पर्धेसाठी मुलं निवडताना मी तिला म्हणालो, "तुझं वाचन छान आहे बेटा, पण तुझी जीभ ळ वर वळत नाही. तू हस्ताक्षरात नाव दे." मी हे गोड बोलून सांगितलं. बँडचे सरही काही ओरडले नव्हते.

त्याच वर्षी ओतेतेर माझ्या वाचनात आला. आरशाच्या वाक्याशी मी आलो आणि पुस्तक मिटवून ठेवलं. ळ साठी मी कधी कोणाला आरसा दिला होता? 'असं म्हण' एवढंच सांगत आलो होतो. म्हणजे बासरीवाल्याने बासरी वाजवून दाखवावी आणि मी घरी येऊन फू फू करावी, तसंच.

बाजारातून हातभर लांबीचा एक आरसा आणला. मुलांना दोन-दोन करून उभं केलं. तोंड उघडा, जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावा, आरशात जिभेची खालची बाजू दिसली पाहिजे, आता आवाज काढत खाली सोडा. शब्द नकोत, अर्थ नको, फक्त तो एक आवाज. पहिले दोन दिवस वर्गात नुसता गोंधळ आणि हसणं. सहाव्या-सातव्या दिवशी ती मुलगी मधल्या सुट्टीत टेबलापाशी आली आणि काही न बोलता नुसतं "अळ, अळ, अळ" करून पळाली. स्पर्धा तोवर होऊन गेली होती. त्याबद्दल मी तिची माफी मागितली. तिला बहुतेक कळलं नाही मी कशाबद्दल बोलतोय.

आरशाचे पैसे शाळेकडून मागितले तर मुख्याध्यापकांनी विचारलं, नोंदवहीत कारण काय लिहू? म्हटलं, लिहा, 'आरसा, नग १, मराठी उच्चारांसाठी'. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

उरसातली ती बासरी अजून आहे. एका टोकाला चीर गेलीय, दोऱ्याने बांधलीय. रात्री सगळे झोपले की न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहून, सगळी छिद्रं उघडी ठेवून फुंकतो. बेताने, आत-बाहेर फिरवत. परवा एक स्वर आला, दोनेक श्वास टिकला. आतून बेगमचा आवाज आला, "नळ चालू राहिलाय का बघा."